घोड्यांसह फिरते घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून पत्नीसह गुहागर तालुक्यात राहतो. आमच्याकडे चौदा वर्षांची काठेवाडी घोडी आणि सहा वर्षांचा भीमथडी घोडा आहे. मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. तिकडे गेलो असताना पुढे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर व मागे घोड्यांची ठाणी असा ट्रेलर पिकअपला जोडून वर्षभर फिरणारी माणसे पाहिली. तसेच वाहन येथे करून रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर बारा महिने घोड्यांसोबत फिरत राहावे, अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. हे शक्य आहे का, आणि सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण घोडे मागे ठेवून फिरायला जाण्याचा विचार आपल्या मनात आलेला नाही. उत्तर मात्र स्पष्ट देते. किनाऱ्याने घोड्यांसह फिरता येईल, परंतु बारा महिने नाही, आणि टेक्सासमध्ये पाहिलेल्या ट्रेलरमधून तर मुळीच नाही.

ट्रेलरचा मुद्दा आधी घेऊ. आपण पाहिलेल्या ट्रेलरला तिकडे लिव्हिंग क्वार्टर ट्रेलर म्हणतात. मोठे ट्रेलर बहुधा गूसनेक पद्धतीचे असतात, म्हणजे त्यांची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसते आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा त्या आसावर येतो. तीन घोड्यांचा असा ट्रेलर रिकामाच चार टनांच्या आसपास भरतो. तो ओढण्यासाठी तिकडे अवजड पिकअप मिळतात, सरळ रुंद रस्ते आहेत आणि घोडेवाल्यांसाठी पाणी, वीज व कुंपण असलेले खास तळही आहेत. आपल्याकडील पिकअप एवढे वजन ओढण्यासाठी घडवलेल्या नाहीत. शिवाय दाभोळच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या किंवा आंजर्ल्याकडे वळणाऱ्या अरुंद रस्त्यावर, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला आगर असताना, समोरून एसटी आली तर एवढा लांब ट्रेलर मागे घेणे मुरलेल्या चालकालाही जड जाईल.

म्हणून माझी शिफारस एकाच सांगाड्याच्या लहान ट्रकची आहे. हिशेब असा मांडा. आपले घोडे प्रत्येकी साडेतीनशे किलोंचे धरले तर दोघांचे सातशे किलो झाले. पाण्याची टाकी तीनशे लिटरची घेतली तर तेवढेच किलो. कोरडी वैरण आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळून घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के लागते, म्हणजे दोघांना दिवसाला चौदा किलो, आणि पाच दिवसांची बेगमी केली तर सत्तर किलो. खोगिरे, कुंपणाचा सरंजाम, आपला संसार आणि आपण दोघे मिळून आणखी आठशे-हजार किलो होतात. एकूण भार दोन टनांच्या आसपास जातो आणि तो मध्यम आकाराच्या ट्रकला सहज पेलतो. ट्रकचे भारासहित नोंदणीकृत वजन ७,५०० किलोंच्या आत ठेवा. एवढ्या वजनापर्यंतचे वाहतूक वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

कायद्याकडे कृपया कागदी सोपस्कार म्हणून पाहू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली आलेल्या तरतुदीप्रमाणे जनावरांच्या वाहनात कायमची विभागणी हवी आणि प्रत्येक घोड्याला किमान २.२५ चौरस मीटर जागा हवी. अशा वाहनाला खास परवाना लागतो आणि त्यातून इतर माल नेता येत नाही. त्यामुळे राहण्याची खोली व घोड्यांची ठाणी एकाच सांगाड्यावर बसवायची असतील, तर बांधणीला हात घालण्यापूर्वी आराखडा आरटीओ कार्यालयात दाखवून लेखी संमती घ्यावी. वाहनाच्या मूळ रचनेत विनापरवानगी बदल करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. एकाच ट्रकमध्ये सगळे बसते खरे, पण मी स्वतः दोन वाहनांच्या बाजूची आहे. घोड्यांचा ट्रक एकाने चालवावा आणि राहण्याची छोटी गाडी दुसऱ्याने. आपण दोघेही गाडी चालवत असाल तर हीच सोय उत्तम, कारण एक वाहन बंद पडले तर दुसऱ्यातून पाणी आणि डॉक्टर आणता येतात. रात्री मात्र खिडकी घोड्यांच्या बाजूला येईल अशीच गाडी लावा. घोडे वैरण चघळत असल्याचा आवाज मध्येच थांबला तर झोपेतही जाग येते. ही सवय आपल्याला असेलच.

ट्रकच्या बांधणीत सर्वांत अधिक लक्ष तळाच्या फळ्यांकडे द्या. हे मी अनुभवावरून सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कारखान्याकडून मी माझ्या घोडीसाठी ट्रकची बांधणी करून घेतली होती. त्यांनी फळ्यांऐवजी प्लायवूड ठोकून त्यावर रबराची चटई डांबराने कायमची चिकटवून दिली. वरून सगळे कोरडे आणि स्वच्छ दिसे. दुसऱ्याच वर्षी हर्णैच्या अलीकडच्या चढावर मागून लाकूड कडाडल्याचा आवाज आला. गाडी थांबवून पाहिले तर घोडीचा मागचा उजवा पाय तळातून खाली गेला होता आणि खूर डांबरी रस्त्यापासून वीतभर वर लोंबत होता. ती शहाणी घोडी कानसुद्धा हलवत नव्हती. माझ्या यजमानांनी करवतीने भोवतीचे प्लायवूड कापून काढीपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढा वेळ मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी होते. पायाला चिरा पडल्या, हाड मात्र वाचले. चटईखाली झिरपणाऱ्या मुतामुळे प्लायवूड आतून कुजले होते. तेव्हापासून फळ्या जाड सागवानी असाव्यात, त्यांत निचऱ्याच्या फटी असाव्यात आणि चटई सुटी असावी, यावर मी अडून बसते. दर आठवड्याला चटई उचलून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक फळी टोचून पाहा. टोक आत रुतले तर ती फळी त्याच दिवशी बदला.

दुसरी गोष्ट हवेची आणि मानेची. घोडा चरताना मान खाली घालतो, तेव्हा श्वासनलिकेतील धूळ आणि चिकटा बाहेर पडतो. प्रवासात त्याची म्होरकी उंच आणि आखूड बांधली तर तो चिकटा फुप्फुसाकडे उतरतो आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला व न्यूमोनिया होतो. म्हणून दोरी एवढी सैल ठेवा की नाक छातीच्या खाली जाईल, पण पाय दोरीत अडकणार नाही. दर तीन-चार तासांनी सावलीत थांबून पाणी पाजा आणि मान खाली घेऊ द्या. मुताच्या अमोनियाने डोळे चुरचुरतात, त्यासाठी वरच्या बाजूला आरपार झरोके हवेत. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांच्या ट्रकला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. लोकांना ती हास्यास्पद वाटते. परंतु वळणावर उभ्याने तोल सांभाळणाऱ्या घोड्याचे पाय ज्याने पाहिले आहेत, त्याला ती पटते. घाटात मी त्याहूनही हळू जाते.

आता बारा महिन्यांविषयी. मराठ्यांची घोडदळे पावसाळा छावणीत काढत आणि दसऱ्याला घोड्यांची पूजा करून मोहिमेवर निघत. त्यामागे चिखल, दुथडी नद्या, ओल्या खुरांचे रोग आणि वैरण यांचा रोकडा हिशेब होता. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सततच्या ओलीने खुराच्या तळव्यातील मऊ भाग कुजतो, पाठीवर खपल्या धरतात, वैरणीला बुरशी लागते. गोमाश्या आणि इतर चावऱ्या माश्या वाढल्या की त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्तातील परजीवींचा रोग पसरतो. त्यात ताप येऊन जातो, पुन्हा येतो, घोडा खंगतो आणि पोटाखाली सूज उतरते. असे दिसताच रक्त तपासून घ्या. जून ते सप्टेंबर घोड्यांना कोरड्या, उंच जोत्याच्या पागेत ठेवा, किंवा घाट चढून फलटण-बारामतीकडच्या पर्जन्यछायेत न्या. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील कोरडी हवा आपल्या भीमथडीला मानवेल. ती त्याच्या पूर्वजांचीच भूमी आहे.

एप्रिल-मेसुद्धा मी वगळते, आणि याचे कारण घोड्यांइतकेच गावांशी निगडित आहे. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते आणि दमट उन्हाळ्यात घाम गाळल्यावर त्याहून अधिक. दोन घोडे, धुणे आणि आपला वापर मिळून दीडशे लिटरांपर्यंत जाते. वैशाखात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कितीतरी वाड्यांना टँकरने पाणी येते. ज्या घरातील बाई दोन हंड्यांसाठी रांगेत उभी आहे, तिच्या गावात पाहुण्याने दीडशे लिटर मागणे मला योग्य वाटत नाही. कोणी आतिथ्याने दिले तरी घेऊ नये. म्हणून भातकापणी उरकल्यावर नोव्हेंबरात निघावे आणि मार्चच्या मध्यापर्यंत परतावे. साडेचार महिने मिळतात. ते थोडे वाटतील, पण एकेका ठिकाणी दोन-तीन आठवडे मुक्काम केला तर रेवस ते रेडी हा प्रवास त्यात निवांत पुरा होतो.

मुक्काम लांब ठेवण्याचे कारण घोड्याच्या पोटात आहे. त्याच्या आतड्यातील जिवाणूंना नवी वैरण अंगवळणी पडायला दहा-बारा दिवस लागतात. रोज गाव बदलून मिळेल ते घातले तर पोटशूळ ठरलेला. आपल्या किनाऱ्यावर पेंढा मुबलक, परंतु त्यात कस कमी आणि एकट्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्याच्या आतड्यात तो तटून बसतो. सड्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून वाळवलेले गवत त्यापेक्षा बरे. लसूणघास आणि ओट घाटावरून मागवावे लागतील. त्यांची महिन्याची बेगमी पहिल्या मुक्कामालाच उतरवून घ्या आणि पुढे जुनी-नवी वैरण मिसळत न्या. कुळीथ मात्र आपल्या प्रत्येक गावात मिळतात. ते उकडून, निववून, मीठ घालून चंदीत द्यावेत, कच्चे देऊ नयेत. घोडा बांधण्यापूर्वी आवारातील झाडे पाहा. कुंपणाची कण्हेर जेवढी देखणी तेवढी घातक आहे आणि तिची मूठभर पाने घोड्याचे हृदय बंद पाडू शकतात. वाळलेल्या पानांतही ते विष राहते.

जागेसाठी ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या आणि बागायतदाराशी प्रत्यक्ष बोला. कलमांच्या बागेत एका कडेला जागा मिळाली तर सर्वांत चांगले, कारण सावली असते आणि दोन घोड्यांची रोजची पंचवीस-तीस किलो लीद मालकाला खतासाठी हवीच असते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा घोड्यांना आणि आपल्या दोघांनाही धनुर्वाताची लस वेळेवर हवी. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मुक्काम टाकू नका. वाहन रुततेच, शिवाय वाळूवर टाकलेली वैरण खाताना पोटात वाळू साठते आणि तिचाही शूळ होतो.

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या फेरीबोटी आपला बराच वळसा वाचवतील. आदल्या दिवशी जाऊन बोटीवाल्यांना घोडे असल्याचे सांगा आणि भरतीची वेळ विचारा. ओहोटीला बोटीच्या फळीचा उतार तीव्र होतो आणि घोड्यांनी भरलेला ट्रक त्यावर डचमळतो. घोडे खाली उतरवू नका, आतच राहू द्या, आणि त्यांना ओळखणारे माणूस त्यांच्या डोक्याशी उभे करा. आपली घोडी चौदा वर्षांची आहे, तेव्हा तिला आत डाव्या बाजूला आणि तरण्या घोड्याला तिच्या शेजारी ठेवा. ती शांत राहिली की तो शांत राहतो.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून आरोग्य दाखला घ्या. रेडीहून पुढे गोव्यात उतरायचा मोह झाला तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्याचा अहवाल हाताशी हवा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावे लागते, म्हणून अनोळखी घोड्यांसोबत एकाच डोणीतून पाणी कधीही पाजू नका. अडचणीत राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तरीही प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जाऊन ओळख करून घ्या. तेथील डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो. आपल्या घोडीची नाडी विश्रांतीत किती असते, हे आपण लिहून नेले तर त्यांना मदत होईल. साधारण घोड्याची ती मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. शूळात साठच्या वर जाऊन तिथेच राहिली तर क्षणाचाही वेळ दवडू नये.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळ राहते. थंडीत महिनाभर ट्रकमधून घोडी घेऊन मालवणपासून वर वेळासपर्यंत जायचा विचार आहे. वाटेत नालबंद मिळेल का, आणि घोडीला समुद्रावर रोज रपेट दिली तर चालेल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नालबंद वाटेत मिळेल या भरवशावर निघू नका. अलिबाग, काशीद, मुरूडकडे पर्यटकांचे घोडे आहेत आणि माथेरानात तर घोड्यांवरच गाव चालते, त्यामुळे उत्तरेकडे नालबंदाची सोय होते. दक्षिणेकडे तो कोल्हापूरहून बोलवावा लागतो. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलायची असते, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी नवी बसवून घेतली की महिना निभावतो. खाऱ्या पाण्याने खिळे गंजून सैल होतात. रोज संध्याकाळी प्रत्येक नाल हाताने हलवून पाहा, आणि सैल नाल खूर न फाडता काढायची कला व कानस चालवणे नालबंदाकडूनच शिकून घ्या. नाल न ठोकता नेण्याचा विचार असेल तर जांभ्याचा सडा विसरू नका. तो खूर कानशीसारखा झिजवतो.

रपेटीविषयी सांगायचे तर कोरडी भुसभुशीत वाळू घोड्याच्या नळीमागच्या शिरा ताणते आणि ती इजा भरून यायला महिने लागतात. ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर चालवा. पहिला आठवडा फक्त चाल, नंतर थोडी दुडकी. परतल्यावर पाय आणि पोट गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पट्ट्याखाली मीठ घासून जखमा होतात. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर मात्र थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. तेथे घोडी पुळणीवर नेऊच नका, गावच्या पाणंदीतून फिरवा. वाळूखालचे घरटे दिसत नाही आणि एका टापेखाली शंभराच्या आसपास अंडी असू शकतात.

पहाटे किंवा तिन्हीसांजेला जांभ्याच्या गडग्याजवळ घोडी बांधू नका. आपल्या भागात फुरसे या विषारी सापाचा सुळसुळाट आहे आणि चरणाऱ्या घोड्याला दंश बहुधा नाकावर होतो. नाक सुजून श्वास कोंडतो, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, म्हणून मिनिटे मोलाची असतात. सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्यांच्याच रक्तापासून तयार होते. माणसांना वाचवणाऱ्या त्या जनावराला तेच औषध वेळेत मिळावे, यासाठी वाटेवरील कोणत्या दवाखान्यात ते आहे, याची यादी निघण्यापूर्वीच करून ठेवा.

प्रश्न : माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांची एकुलती घोडी घेऊन त्यांना असेच एकट्याने फिरायचे आहे. त्यांना अडवू की जाऊ देऊ?
— एक वाचक, दापोली

उत्तर : वडिलांना अडवू नका. परंतु त्यांना आणि घोडीला, दोघांनाही एकटे पाठवू नका. घोडा कळपाचे जनावर आहे. ओळखीच्या जागी एकटी घोडी दिवस काढते, पण दर पंधरवड्याला जागा बदलली की ती रात्रभर उभी राहते, आडवी होत नाही, आणि काही दिवसांत गळून जाते. दुसरा घोडा परवडत नसेल तर तिच्या सवयीची एक शेळी सोबत द्या. पुष्कळ घोडे शेळीच्या संगतीने स्थिर होतात. वडिलांसोबत घोड्यांत वावरलेला एखादा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, असावा, कारण शूळ झालेल्या घोडीला रात्री चालवत ठेवणे आणि त्याच वेळी डॉक्टरांना वाट दाखवायला फाट्यावर जाणे एका माणसाला जमत नाही. पहिला मुक्काम दापोलीपासून तासाभराच्या अंतरावर ठरवा आणि पहिल्या रविवारी आपण स्वतः तेथे जाऊन या. घोडीची लीद कशी आहे आणि वडिलांचे जेवण वेळेवर होते का, ही दोन्ही चौकशी एकाच फेरीत होईल.